आपला आदर्श कोण? वर्गात आणि पालकसभेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला पंचवटीत राहते आणि आठवी ते दहावीच्या मुलांना मराठी शिकवते. ‘माझा आदर्श’ हा निबंध दर वर्षी येतो. निबंध तपासून वह्या परत दिल्या की खरे प्रश्न सुरू होतात. मुलं विचारतात, पालकसभेत आई-वडील विचारतात, संध्याकाळी गंगेवर (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) फिरायला गेलं की भेटलेले जुने विद्यार्थीही विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. माझं एक मत या सगळ्या उत्तरांत येत राहील, म्हणून ते आधीच सांगून टाकते. एखाद्या माणसाचा सत्कार झाला त्या दिवसाकडे बघून फारसं काही हाती लागत नाही. त्याआधीची, कोणी दखल न घेतलेली वर्षं त्याने कशी काढली ते बघावं. घेण्यासारखं जे असतं ते तिथे असतं.

आवडता माणूस आणि आदर्श माणूस, दोन्ही एकच ना?

एकच असू शकतो, पण असतोच असं नाही. गायकाचा आवाज आवडतो, नटाची चालण्याची लकब आवडते, त्यासाठी आपल्याला स्वतःत काहीही बदलावं लागत नाही. आदर्श माणूस आपल्याला कामाला लावतो. त्याच्यामुळे तुम्ही एखादी तरी गोष्ट वेगळी करायला लागलात, हिशोब चोख ठेवायला लागलात किंवा उलट बोलण्याआधी क्षणभर थांबायला लागलात, तर तो तुमचा आदर्श झाला.

नववीतल्या एका मुलाने लिहिलं होतं, ‘माझा आदर्श आमच्या गल्लीतले रिक्षावाले काका. भाडं एकदा ठरलं की वाटेत कितीही ट्रॅफिक लागू दे, ते एक रुपया वाढवून मागत नाहीत.’ खाली आणखी एक ओळ होती: ‘मीपण आता उसने घेतलेले पैसे सांगितलेल्या दिवशी परत देतो.’ त्या दुसऱ्या ओळीसाठी मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

कोणाकडे तरी बघून आपल्याला उभारी का येते? यात काही शास्त्र आहे का?

आहे. माणूस सांगण्यापेक्षा बघून जास्त शिकतो, हे आपल्या आज्या जाणून होत्याच. मानसशास्त्रात हा विषय नीट मांडला अल्बर्ट बांडुरा यांनी. 1961 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या 3 ते 6 वर्षांच्या मुलांवर त्यांनी प्रयोग केला. मोठी माणसं एका फुगवलेल्या बाहुल्याला मारताना मुलांना दाखवली. नंतर मुलांना खेळायला सोडलं तेव्हा, ज्यांनी मारहाण पाहिली होती त्यांनी तशीच मारहाण केली, अगदी तेच शब्द वापरून. कोणी शिकवलं नव्हतं, बक्षीसही नव्हतं. बांडुरांनी पुढे मांडलं की असं शिकायला चार गोष्टी जुळाव्या लागतात: लक्ष जाणं, लक्षात राहणं, ते करून बघता येणं आणि करावंसं वाटणं. पालकांना मी यातली तिसरी गोष्ट अधोरेखित करून सांगते. मुलाला जे करून बघताच येत नाही, ते कितीही मोठं असलं तरी त्याच्या अंगी लागत नाही.

दुसरा एक अभ्यास मला फार उपयोगाचा वाटतो. पेनेलोपी लॉकवुड आणि झिवा कुंडा या दोघींनी तो 1997 मध्ये प्रसिद्ध केला. अकाउंटिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी त्याच अभ्यासक्रमातल्या, शेवटच्या वर्षाला असलेल्या एका अतिशय यशस्वी विद्यार्थ्याबद्दल वाचायला दिलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते वाचून हुरूप आला, कारण त्यांच्या हातात अजून वेळ होता. शेवटच्या वर्षाच्या मुलांना तसा हुरूप आला नाही. त्यांची वेळ निघून गेलेली होती.

म्हणजे एकच माणूस एकाला उभारी देतो आणि दुसऱ्याला देत नाही. दोष दोघांचाही नसतो. ‘मलाही हे जमण्यासारखं आहे आणि अजून वेळ आहे’ असं आतून वाटलं तरच उभारी येते. माझ्या अनुभवात असं वाटायला दोन गोष्टी लागतात. त्या माणसाची अडचण आपल्या अडचणीच्या जवळची असावी लागते, आणि त्याने त्यातून वाट कशी काढली हे आपल्याला दिसावं लागतं. भाषणांत आणि फलकांवर पहिली गोष्ट कधीमधी येते, दुसरी जवळजवळ कधीच येत नाही.

मुलांसमोर प्रसिद्ध माणसं ठेवावीत की ओळखीतली?

दोन्ही, पण दोघांकडून वेगवेगळं घ्यावं. दूरचा मोठा माणूस कुठे जायचं ते दाखवतो. रोज कसं चालायचं ते मात्र जवळच्या माणसाकडूनच कळतं, कारण त्याचा दिवस आपल्याला सकाळपासून रात्रीपर्यंत बघता येतो.

आपल्या जिल्ह्यात याचं फार मोठं उदाहरण आहे. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची समाधी आहे. पौष महिन्यात दिंड्या निघतात, थंडीत कुडकुडत वारकरी चालत येतात. ज्ञानेश्वरांनी गुरू मानले ते हे निवृत्तिनाथ, म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ. एकाच घरात वाढलेले, एकच बहिष्कार सोसलेले, वयानेही फार अंतर नसलेले. ज्याच्यासोबत एका ताटात जेवलो त्याला गुरू मानणं सोपं नसतं, हे घरात मोठा भाऊ किंवा बहीण असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून मी मुलांना सांगते, दूर बघण्याआधी घरात बघा.

आणखी एक जवळचं उदाहरण देते. दिंडोरी तालुक्यात एका नातेवाइकांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड लागले की थिनिंगची कामं निघतात. घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. तिथे बायकांच्या टोळीची मुकादम असलेली एक मावशी मी पाहिली. डाव्या हाताने घड खालून अलगद उचलायचा, नजर एकदा वरून खाली फिरवायची आणि मग कात्री चालवायची. मण्याला बोट लागू द्यायचं नाही, कारण वरची पांढरी झिलई पुसली जाते आणि माल नजरेतून उतरतो. नवीन आलेल्या मुलीला ती एक शब्द बोलली नाही. तिला फक्त शेजारच्या वेलीवर उभं केलं आणि स्वतःचा वेग कमी केला, इतका की मुलीला प्रत्येक कात्री दिसावी. दुपारपर्यंत मुलीचा हात बसला होता. मावशीने स्वतःची मजुरी घड मोजून मिळत असतानाही वेग कमी केला होता, हे मला जेवणाच्या सुट्टीत कळलं. शिकवण्याबद्दल मी त्या बागेत जे पाहिलं ते कोणत्याही प्रशिक्षणात पाहिलं नाही.

नाशिकच्या माणसांत तुम्ही दादासाहेब गायकवाडांचं नाव सारखं का घेता?

कारण ते दुसऱ्या फळीतलं काम करणाऱ्यांचे आदर्श आहेत, आणि आपल्यातले बहुतेक जण आयुष्यभर दुसऱ्या फळीतच काम करणार आहोत.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म 1902 चा, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. 2 मार्च 1930 रोजी दलितांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली. पुस्तकात एवढी ओळ असते आणि मुलं ती पाठ करतात. मी वर्गात पुढचा प्रश्न विचारते: हा सत्याग्रह 1935 पर्यंत चालला. त्याच काळात बाबासाहेब गोलमेज परिषदांसाठी लंडनला जात होते. मग इथे नाशिकमध्ये रोजचं काम कोण बघत होतं?

उत्तर आहे गायकवाड आणि त्यांचे सहकारी. मंदिराचे दरवाजे बंद होते. पहिल्याच वर्षी रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. सत्याग्रही गोळा करायचे, त्यांना दरवाजांवर उभं करायचं, अटका झाल्या की नवी माणसं आणायची, पैशाची जुळवाजुळव करायची, गावात बहिष्कार सोसणाऱ्यांना धीर द्यायचा आणि सगळी खबर बाबासाहेबांना कळवायची, असं हे काम होतं. बाबासाहेबांनी गायकवाडांना लिहिलेली पत्रं पुढे प्रसिद्ध झाली. ती वाचताना दोघांमधला विश्वास तर दिसतोच, पण चळवळ म्हणजे किती बारीकसारीक कामांची साखळी असते तेही दिसतं. 1934 च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी त्यांना मंदिरप्रवेशाच्या लढ्याबद्दल जे लिहिलं, त्यात मूर्तिपूजा हा आपला हेतू कधीच नव्हता, समाजाला जागं करायचं होतं, असं स्पष्ट आहे. इतकी वर्षं ज्यासाठी रस्त्यावर उभं राहिलो त्याची दिशा बदलते आहे, हे समजून घेऊन पुढच्या कामाला लागणं, हे मला पाच वर्षं टिकण्याइतकंच अवघड वाटतं.

ते पुढच्या कामाला लागले. 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, त्या साऱ्या घडामोडीत गायकवाड होते. नंतर लोकसभेत गेले, राज्यसभेत गेले, आणि 1959 मध्ये व पुन्हा 1964 मध्ये भूमिहीनांच्या सत्याग्रहाचं नेतृत्व केलं. दिल्लीत बसायला मिळाल्यावर माणूस पुन्हा भूमिहीन शेतमजुरांसोबत तुरुंगात जायला तयार होतो, हे मुलांना सांगताना मला आजही भरून येतं.

कंपनीत सुपरवायझर असलेले, संस्थेत चिटणीस असलेले, घरात सगळ्यांचं करणाऱ्या थोरल्या सुना असलेले पालक हे ऐकतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यात फरक पडतो. समोर दुसऱ्याचं नाव असतानाही आपलं काम मन लावून करता येतं, याचा पुरावा त्यांना हवा असतो.

जो शेवटी हरला त्याला आदर्श का मानायचं?

हा प्रश्न बहुधा दादासाहेब फाळक्यांवरून येतो. त्र्यंबकेश्वरला 30 एप्रिल 1870 ला त्यांचा जन्म, नाशिकला 16 फेब्रुवारी 1944 ला मृत्यू. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 ला लोकांसमोर आला. शेवटची वर्षं हलाखीत गेली. दहावीतली एक मुलगी मला म्हणाली, “मॅडम, एवढं करून शेवटी काय मिळालं त्यांना?”

प्रश्न रास्त आहे आणि तिला मी घाईने गप्प केलं नाही. फाळक्यांकडून व्यवहार शिकू नये, असंच मी तिला सांगितलं. भागीदारांशी त्यांचं पटलं नाही, छापखान्याचा जम बसलेला धंदा सुटला, पुढे स्वतःच्याच चित्रपट कंपनीतून ते बाहेर पडले आणि परत आले. पण सिनेमा कसा असतो हे इथे कोणालाच ठाऊक नसताना ते कसे शिकले, ते बघण्यासारखं आहे. चाळिशीत पडद्यावरचं हलतं चित्र पाहिलं आणि ध्यास घेतला. विमा गहाण टाकून 1912 मध्ये लंडन गाठलं, यंत्र घेऊन आले. मोठ्या चित्रपटाला हात घालण्याआधी त्यांनी कुंडीतलं एक रोप उगवताना रोज थोडं थोडं टिपलं आणि त्याची छोटी फिल्म करून दाखवली. मोठं काम अंगावर घेण्याआधी हातात मावेल एवढा तुकडा पूर्ण करायचा, ही रीत कोणालाही उचलता येते. मला ते रोप हरिश्चंद्राहूनही मोलाचं वाटतं. पांडवलेणीच्या पायथ्याला फाळके स्मारक आहे. मुलांना तिथे न्याल तेव्हा ही गोष्ट जरूर सांगा.

माझा मुलगा खेळत नाही. खेळाडूंकडून त्याने काय घ्यावं?

धावपटू कविता राऊतकडून परिस्थितीशी जमवून घेऊन पुढे जाणं. सावरपाडा हे हरसूलकडचं आदिवासी पाड्याचं गाव. धावणं निवडलं, कारण त्याला महागडं साहित्य लागत नाही. तिथून नाशिकला येऊन प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्याकडे सराव. 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. 10,000 मीटर म्हणजे मैदानाला 25 फेऱ्या. पहिल्या फेरीत कोणी टाळ्या वाजवतं, शेवटच्या फेरीत सगळे उभे राहतात, मधल्या फेऱ्यांत आपणच आपल्याला पुढे न्यायचं असतं. अभ्यासाचंही तसंच आहे, असं मुलं स्वतःच म्हणतात.

नौकानयनपटू दत्तू भोकनळकडून मी वेगळी गोष्ट घ्यायला सांगते. तळेगाव रोही हे त्याचं गाव चांदवड तालुक्यातलं, पाण्याची कायम ओढ असलेल्या भागातलं. घरच्यांसोबत विहिरी खोदायची कामं केली, पेट्रोल पंपावर काम केलं. 2012 मध्ये सैन्यात गेला आणि तिथे पहिल्यांदा वल्हं हाती घेतलं. चारच वर्षांनी 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तो 13 वा आला. त्या वेळी त्याची आई गंभीर आजारी होती. 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदक मिळवलं. ‘मला आवड नव्हती, संधी नव्हती, म्हणून जमलं नाही’ असं म्हणणाऱ्या मुलांना मी त्याच्या गावाचं नाव सांगते आणि चांदवडमधली पाण्याची स्थिती आठवायला लावते. जे कधी पाहिलंच नव्हतं ते कोणी नेटाने शिकवलं तर विशीनंतरही शिकता येतं. रिओला त्या वर्षी कविता मॅरेथॉन धावत होती आणि दत्तू वल्हवत होता. एकाच जिल्ह्यातले दोघे, आणि दोघांच्याही घरी खेळाची परंपरा नव्हती.

आदर्श एकच असावा का?

नाही, आणि आपली परंपराही तसं सांगत नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वीकडून सोसणं, मधमाशीकडून थोडं थोडं गोळा करणं आणि साठवण्याचा लोभ न धरणं, अजगराकडून मिळेल त्यात राहणं. त्यात एक बाण करणारा कारागीर आहे. तो कामात इतका रमलेला की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली ते त्याला कळलंच नाही. अवधूताने त्याच्याकडून तेवढीच एकाग्रता घेतली. तो कारागीर घरी कसा वागत होता याची चौकशी त्याने केली नाही.

डॉ. आंबेडकरांनीही आपले तीन गुरू सांगितले: बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले. तिघे तीन काळांतले.

माझ्या वर्गात मुलं एका माणसाकडून एकच गुण घेतात आणि तो एका वाक्यात लिहितात. ‘त्यांचं सगळंच आवडतं’ असं लिहिलेली वही मी परत करते.

ज्यांना आदर्श मानलं त्यांचं काही वाईट कळलं तर?

वाईट वाटणारच, आणि वाटू द्यावं. मग दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. त्या माणसाने कोणाचं नुकसान केलं असेल तर ते झाकायला जाऊ नये, ‘मोठ्या माणसांचं असंच असतं’ म्हणून सोडूनही देऊ नये. मुलं हे बघत असतात आणि नेमकं तेच शिकतात. पण त्या माणसाकडून वेळेवर येण्याची सवय तुम्हाला लागली असेल, तर ती सवय आता तुमची आहे. ती परत करायची गरज नाही.

थोड्या वेगळ्या प्रकारचा प्रश्न आख्यायिकांचा. गोदाकाठी देवमामलेदार यशवंतराव महाराजांचं मंदिर आहे, समोरचं पटांगण सगळ्या नाशिकला ठाऊक आहे. बागलाणचे हे मामलेदार. 1870 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांनी लोकांसाठी सरकारी खजिना उघडला, आणि तपासणीला साहेब आला तेव्हा खजिना भरलेला निघाला, असं सांगतात. भरलेल्या खजिन्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. नोकरी जाईल हे समोर दिसत असताना एका सरकारी अधिकाऱ्याने उपाशी माणसाला आधी पाहिलं, एवढ्याने माझं काम भागतं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना मी त्यांचं नाव आवर्जून सांगते.

मुलीसमोर बाईचाच आदर्श असायला हवा का?

बाईचाच नको, पण बाईचाही हवाच हवा. याला चांगला पुरावा आपल्याच देशातला आहे. पश्चिम बंगालमध्ये सरपंचपदाचं आरक्षण आळीपाळीने वेगवेगळ्या गावांत गेलं. तिथल्या 495 गावांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांत दोन वेळा बाई प्रमुख होती, तिथे मुलगा आणि मुलगी यांच्याबद्दल पालकांच्या अपेक्षांमधलं अंतर कमी झालं, किशोरवयीन मुलांच्या स्वतःच्या अपेक्षांमधलं अंतरही कमी झालं, आणि शिक्षणातली तफावत मिटली. मुलींना खुर्चीवर बसलेली बाई रोज दिसत होती, हे त्यामागचं मोठं कारण.

नाशिकच्या मुलींना शांताबाई दाणी माहीत असायला हव्यात. आंबेडकरी चळवळीत त्यांनी आयुष्य घातलं, विधान परिषदेत गेल्या, आणि आपलं जगणं आत्मचरित्रात सांगून ठेवलं. आणि फाळक्यांबद्दल बोलताना सरस्वतीबाईंना सोडून चालत नाही. दागिने दिले, चित्रपटाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, आणि रात्री बसून कच्च्या फिल्मला भोकं पाडण्याचं तांत्रिक कामही केलं. ‘पतीला साथ दिली’ एवढंच त्यांच्याबद्दल लिहिलं जातं याचा मला राग येतो. त्या फिल्म हाताळणाऱ्या या देशातल्या पहिल्या तंत्रज्ञांपैकी एक होत्या, असं मुलींना सांगा.

मुलगा म्हणतो, माझा आदर्श रील करणारा आहे. त्याला काय सांगू?

आधी विचारा, त्याचं काय आवडतं? उत्तर ‘पैसे’ किंवा ‘गाडी’ असेल तर त्यावर बोलता येईल. पण बरेचदा मुलं म्हणतात, तो रोज न चुकता टाकतो, किंवा तो आमच्यासारखं गावाकडचं बोलतो आणि लाजत नाही. हे गुण चांगले आहेत. त्या माणसाची चेष्टा केलीत तर मूल पुढच्या वेळी तुम्हाला काहीच सांगणार नाही. त्याच्यासोबत बसून एक व्हिडिओ बघा आणि तो करायला किती वेळ लागला असेल यावर बोला.

निबंधात सगळे ‘माझे आई-बाबा’ लिहितात. ते खरं असतं का?

बहुतेक वेळा खरं असतं, लिहिताना मात्र ते गुळगुळीत होतं. ‘आई खूप कष्ट करते’ यापुढे वाक्य जात नाही. मी मुलांना एक दिवस आईच्या किंवा बाबांच्या मागे राहून फक्त टिपायला सांगते. एका मुलीचे बाबा सातपूरला कारखान्यात लेथवर धातूचे भाग (त्यांच्या भाषेत ‘जॉब’) कातायचं काम करतात. तिने त्यांना विचारलं, दिवसभरात किती वेळा मोजमाप घेता? ते म्हणाले, “जॉब उतरवायच्या आधी प्रत्येक वेळी. मशीन तेच, माप तेच, तरी प्रत्येक वेळी.” तिने निबंधात एवढंच लिहिलं आणि खाली आपल्या गणिताच्या वहीबद्दल दोन ओळी. मी तो निबंध अजून जपून ठेवला आहे.

इतरांचं यश बघून मला उलट खचायला होतं. काय करू?

ज्यांच्याकडे बघून खचायला होतं त्यांच्याकडे काही दिवस बघू नका. हे पळणं होत नाही. वर लॉकवुड आणि कुंडा यांचा अभ्यास सांगितला, तो याच प्रश्नाचं उत्तर आहे: ज्याच्यापर्यंत पोहोचणं आपल्याला अशक्य दिसतं, तो आपल्याला बळ देत नाही. तुमच्यापेक्षा एक-दोन पायऱ्या पुढे असलेलं माणूस शोधा. गणितात 40 पडत असतील तर पहिला नंबर राहू द्या, मागच्या वर्षी 40 वरून 60 वर गेलेला मुलगा शोधा आणि त्याला विचारा. आणि मन फारच खाली गेलं असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर आदर्शांचा विषय बाजूला ठेवून घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोला.

माझं वय पन्नास आहे. आता या वयात आदर्श कशाला?

लोककवी वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. ते लिहा-वाचायला शिकले ते मोठेपणी, पोटासाठी मुंबईत काम करत असताना. त्यानंतर त्यांनी हजारो गाणी लिहिली आणि गावोगाव गायली. पन्नाशीत काही शिकायचं मनात असेल तर मुक्त विद्यापीठ आपल्याच नाशिकमध्ये 1989 पासून आहे. तिथल्या परीक्षेच्या रांगेत केस पिकलेली माणसं उभी दिसतात, त्यांच्यातला एखादा तुमचा आदर्श होईल.

जयंतीला शाळेत काय करावं?

हार आणि भाषण होऊ द्या, पण त्या माणसाचं एखादं काम त्या दिवशी प्रत्यक्ष करा. 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांची कविता नुसती म्हणून दाखवण्यापेक्षा मुलांना गंगापूर रोडच्या त्यांच्या स्मारकात न्या. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला त्यांनी तरुणपणी पाठिंबा दिला होता, हे सांगा. लिहिणारा माणूस योग्य बाजूला उभा राहतो तेव्हा काय घडतं यावर वर्गात चर्चा होऊ द्या. सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आपल्या गावात आहे. तिथे बसून एका माणसाचं चरित्र वाचून काढणं हा जयंतीचा उत्तम कार्यक्रम आहे.

ज्यांना आदर्श मानतो त्यांना ते सांगावं का?

जिवंत असतील, भेटण्यासारखे असतील, तर नक्की सांगा. पाया पडून येण्यापेक्षा दोन प्रश्न घेऊन जा. ‘तुम्ही यशस्वी कसे झालात’ असं विचारलंत तर ठरलेलं भाषण ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा, ‘काम सोडून द्यावंसं वाटलं तेव्हा तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलंत?’ आणि ‘हे तुम्ही कोणाकडे बघून शिकलात?’ दुसऱ्या प्रश्नावर माणसं हटकून मोकळी होतात, आणि तुम्हाला आणखी एक नाव मिळतं. वही-पेन न्या. फोन खिशात राहू द्या, फोटो निघताना काढा. त्यांनी वेळ दिला म्हणून आभार माना आणि सहा महिन्यांनी, त्यांच्याकडून घेतलेली गोष्ट कुठवर आली हे कळवणारं चार ओळींचं पत्र किंवा मेसेज पाठवा.